एका फोल्डरची एकशे चाळीस वर्षं

आयटीत हमाली करणाऱ्या माणसाला घरच्यांचे दोनच प्रश्न असतात. पहिला, "पगार कधी वाढून राहिला?" आणि दुसरा, "हे काहून चालून नाही राहिलं?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं शोधता येतं, आणि कधी कधी शोधता शोधता माणूस थेट १८८५ सालापर्यंत जाऊन पोचतो. आजचा लेख त्याबद्दल. लांबलाय, चहा घेऊन बसा :)

तर प्रकरण असं. गोंदियाला आमच्या घरी दोन संगणक आहेत. मागच्या खोलीत बाबांचा जुना डेस्कटॉप, विंडोज ७ वाला. पुढच्या खोलीत आईसाठी घेतलेला नवा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो. (विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला, हे मला माहीत आहे. तुम्ही बाबांना सांगून बघा! राउटरवरून त्या यंत्राचं बाहेरच्या इंटरनेटचं दार बंद करून ठेवलंय, तेवढ्यावर आमची तडजोड झाली आहे.) त्या डेस्कटॉपवर एक फोल्डर आहे, घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवलेला. साडेतीन हजारांच्या वर फोटो. लग्नं, बारशी, धानाच्या बांधीत उभी असलेली माणसं, नवेगाव बांधच्या सहली, कुणाचा तरी पहिला स्कूटर. आणि फोटोंच्या मागे नावं जवळजवळ कुठेच नाहीत.

बाबांकडची माणसं बाबा ओळखतात. आईच्या माहेरची, म्हणजे आमगावकडची, आई ओळखते. दोन्हीकडची ओळखणारी एकच व्यक्ती होती, आमची आजी, आणि ती २०१९ मध्ये गेली. आता हे काम राहिलं तर राहिलंच. म्हणून एक साधी एक्सेल फाईल केली, फोटोचा नंबर आणि समोर नावं, आणि दोघांनी जमेल तसं भरायचं ठरलं.

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह आहे की! केला तो प्रयोग. आठवडाभरात फाईलच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या, दोन्हीत वेगवेगळी नावं, आणि कुठली नवी यावर घरात दोन पक्ष. क्लाउडला बाबांची साफ ना. आपल्या आईचा फोटो अमेरिकेतल्या गोडाऊनमध्ये कशाला, हा त्यांचा मुद्दा, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मागणी इतकीच उरली: दोन यंत्रं, एक वायफाय, मधे एक भिंत, आणि दोघांना एकच फोल्डर दिसावा. लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं तर तिथे शुकशुकाट.

असो. गाऱ्हाणं पुरे, इतिहासाकडे वळू. या शुकशुकाटाच्या मागे एक नाही, चार वेगवेगळे इतिहास एकमेकांवर रचलेले आहेत, आणि कुठला थर अडलाय हे कळल्याशिवाय यूट्यूबवरचे उपाय करत बसणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळ्या खाणं.

पहिला थर हवेचा. म्हणजे हवेत बोलायची परवानगी कुणाला, हा.

बिनतारी लहरींची सुरुवात आपल्याकडे फार दिमाखात झाली होती. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडून घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्यांचे प्रयोग ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर चालायचे. गंमत बघा, वायफायचा एक अतिवेगवान प्रकार नेमका याच ६० गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. बोसांना पेटंट-बिटंटमध्ये फारसा रस नव्हता. पण सरकारला हवेत रस होता. १८८५ च्या तार कायद्यानं तारयंत्राचा सगळा हक्क सरकारकडे ठेवला होताच, १९३३ च्या बिनतारी कायद्यानं तर बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरवलं. याच कायद्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीला साध्या रेडिओसाठीही परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, छोट्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवून घ्यायची. ऐंशीच्या दशकापर्यंत हे चालू होतं. आमच्या घरच्या फोटोंमध्ये एका फळीवर मर्फीचा रेडिओ दिसतो. तो नुसता ऐकायचा डबा होता, बोलायचा नव्हता, तरी परवाना! आणि आज पुढच्या खोलीतला राउटर दिवसरात्र प्रक्षेपण करतोय, त्याला कुणी विचारत नाही.

हे बदललं कसं? १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. तिथे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी बाजूला काढला गेला. त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं यंत्र म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. म्हणजे दळणवळणाच्या दृष्टीनं हा गावाबाहेरचा उकिरडा. इथे आवाज असणारच, कुणी तक्रार करायची नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनं ठरवलं की या उकिरड्यावर कमी ताकदीत, विशिष्ट पद्धतीनं लहरी पसरवून कुणीही बोलावं, परवाना नको. तारेच्या कायद्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती, हा अर्थात योगायोग.

याचा फायदा आधी कुणाला सुचला? गल्ले बनवणाऱ्यांना! एनसीआर ही कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी. दुकानातले गल्ले हलवले की प्रत्येक वेळी तारा नव्यानं ओढाव्या लागतात, हा तिच्या गिऱ्हाइकांचा त्रास. तिच्या हॉलंडमधल्या शाखेनं वेव्हलॅन नावाची बिनतारी यंत्रणा केली, आणि तिथलेच व्हिक हेज पुढे आयईईईच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, ११ मेगाबिटचं, आणि त्याच वर्षी 'वायफाय' हे नावही. नाव एका ब्रँडिंग कंपनीकडून विकत घेतलेलं आहे, ते कशाचंही लघुरूप नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये 'वायरलेस फिडेलिटी' असं ठोकून देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

भारतात मात्र अमेरिकेचा निर्णय येऊन वीस वर्षं गेली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरात-दाराबाहेर सगळ्यांसाठी परवानामुक्त झाला तो २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं. मधे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगून झालं होतं. आणि त्याच जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँडही सुरू झालं. म्हणजे घरात इंटरनेट आणि घरात वायफाय, दोन्हींची कायदेशीर दारं एकाच महिन्यात उघडली. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. माझ्या वयाच्या मुलांना हे सगळं हवेसारखंच फुकट आणि कायमचं वाटतं. पण आमच्या भिंतीपलीकडे फोल्डर पाठवायला २००५ च्या आधी तत्त्वतः परवाना लागला असता, हे लक्षात घ्या.

दुसरा थर म्हणजे एकाच हवेत अनेकांनी कसं बोलायचं.

याचं मूळ हवाईत आहे. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठातून बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. नाव अलोहानेट, वेग ९६०० बिट. नियम एकदम साधा: बोलायचं असेल तेव्हा बोला. दोघं एकदम बोलले आणि निरोप धडकले, तर थोडा वेळ थांबा, किती ते आपापलं ठरवा, आणि पुन्हा बोला. गणित असं सांगतं की या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच वापरता येते. बाकी सगळा गोंधळ. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी आणि वऱ्हाडी यांचं जे प्रमाण असतं साधारण तेच. रॉबर्ट मेटकाफनं हे वाचून सुधारलं, बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं असा नियम आणला आणि १९७३ मध्ये तारेवरचं इथरनेट सुचवलं. वायफायनं पुढे तेच तत्त्व परत हवेत नेलं. फक्त हवेत आपण बोलत असताना आपल्याच आवाजामुळे दुसऱ्याचा ऐकू येत नाही, म्हणून धडक व्हायच्या आधीच टाळायची, प्रत्येक निरोपाची पोच घ्यायची, अशी जास्तीची शिस्त घातली.

याचा घरातला परिणाम लोकांना ठाऊक नसतो. दोन्ही संगणक वायफायवर असतील तर फाईल एकातून थेट दुसऱ्यात जात नाही. ती आधी राउटरकडे जाते, मग राउटर ती पुन्हा हवेत सोडतो. एकच हवा, एकच वाहिनी, फाईल दोनदा. म्हणजे वेग सरळ निम्मा. खोक्यावर ५४ मेगाबिट लिहिलेल्या जुन्या ८०२.११जी राउटरवर प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिळायचे, दोन्ही टोकं बिनतारी असली की दहा-बारा. म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, आणि चार जीबीच्या फाईलला साधारण पंचावन्न मिनिटं! ते दिवस आमच्याकडे जोरदार भारनियमनाचे होते, त्यामुळे कॉपी आधी संपणार की वीज आधी जाणार यावर पैजा लागायच्या... विजेवर पैज लावणारा सहसा जिंकायचा.

उपाय स्वस्त आहे. दोनपैकी जे यंत्र हलत नाही त्याला तार लावा. बाबांचा डेस्कटॉप गेली कित्येक वर्षं जागचा हललेला नाही, तेव्हा भिंतीला भोक पाडून पंधरा मीटर केबल टाकली. वायफायच्या लेखात हे सांगणं विचित्र वाटेल, पण वायफाय सुधारण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्यावरून एक गिऱ्हाईक कमी करणं.

त्याच वेळी शुकशुकाटाचं एक कारणही सापडलं. जोडणी करून देणाऱ्या मुलानं लॅपटॉप राउटरच्या 'गेस्ट' नावाच्या वायफायवर जोडून दिला होता. पाहुण्यांसाठीच्या या वायफायवर इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची यंत्रं मुद्दाम लपवली जातात. पाहुण्याला बैठकीत बसवा, चहा द्या, माजघरात नेऊ नका! लॅपटॉप मुख्य वायफायवर आणला. आता पिंग केलं तर उत्तर येत होतं. म्हणजे हवा आणि तार शाबूत. तरी फोल्डर उघडेना.

इथे तिसरा थर सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक तोच आहे. भाषेचा.

१९८३ च्या सुमाराला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम नावाच्या अभियंत्यानं एक संकेतप्रणाली लिहिली. हेतू असा की डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रामला फाईल आपल्याच डिस्कवर आहे असं वाटावं, पण ती खरं तर दुसऱ्याच यंत्रावर असावी. त्याला आधी आपल्या नावाची आद्याक्षरं दिली होती म्हणे, मग नाव झालं एसएमबी. मायक्रोसॉफ्टनं ते उचललं, वाढवलं, आणि १९९२ मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्समधून छोट्या ऑफिसांच्या टेबलांवर आणलं. आजही तुमच्या विंडोजमध्ये 'वर्कग्रुप' हा शब्द दिसतो तो तिथला. यंत्राचं नाव पंधरा अक्षरांत बसवा असं सांगितलं जातं, तेही ऐंशीच्या दशकातल्या नेटबायॉसचं देणं. सोळा जागा होत्या, सोळावी सेवेच्या प्रकारासाठी राखीव.

शेजारची यंत्रं दाखवणारी यादी कशी बनायची हे तर ऐकाच. नेटवर्कवरची यंत्रं चक्क निवडणूक घ्यायची! जिंकलेलं यंत्र यादी ठेवायचं. बाकीच्यांनी दर बारा मिनिटांनी आपण जिवंत असल्याचं ओरडून सांगायचं, तीन वेळा हाक आली नाही की नाव कटायचं. सगळे उशीर धरले तर बंद पडलेलं यंत्रही यादीत ५१ मिनिटांपर्यंत दिसू शकायचं. मतदार याद्यांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि आता खरी गंमत. दोन यंत्रं एसएमबीवर भेटली की पहिलं वाक्य असतं ते वाटाघाटीचं. एक म्हणतं, मला या या बोली येतात; दुसरं त्यातली दोघांना येणारी सगळ्यात नवी निवडतं. या प्रकारांना अधिकृत नाव आहे 'डायलेक्ट', म्हणजे चक्क बोली. गोंदियाच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. जिल्ह्याच्या एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. बाजारात मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी सगळं चालतं, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या पहिल्या वाक्यावरून पुढची भाषा ठरवतो. व्हिस्टाबरोबर एसएमबीची दुसरी पिढी आली, तिनं शंभराच्या वर गेलेल्या आज्ञा एकोणिसावर आणल्या. विंडोज ७ ला २.१ येते, ८ पासून तिसरी पिढी. एक्सपीला फक्त पहिली बोली यायची, आणि तिचं काय झालं ते पुढे येतंच.

भाषा जुळत नसेल तर काय करायचं हेही आमच्या गावानं बघून ठेवलंय. गोंदिया जंक्शनवर मुंबई-हावडा मोठी लाईन आणि जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची छोटी लाईन भेटायच्या. एकीची रुंदी १६७६ मिलिमीटर, दुसरीची ७६२. डबा एका लाईनवरून दुसरीवर जाणं शक्यच नाही. मग माल उतरवायचा, हमालांच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा, पुन्हा चढवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे चाललं. बालाघाटपर्यंतचा भाग आधी रुंद झाला, जबलपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि सगळा मार्ग मोठ्या लाईनचा व्हायला २०२०-२१ उजाडलं. मुळात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा आमच्याकडचा पट्टासुद्धा मीटर गेजचा होता. बंगाल-नागपूर रेल्वेनं १८८७ नंतर तो घेऊन रुंद केला. म्हणजे जुनं मानक मोडून नवं आणणं हे काम आमच्याकडे दोनदा झालं, आणि दुसऱ्या वेळी त्याला शंभरावर वर्षं लागली. सॉफ्टवेअरवाल्यांना उगाच नावं ठेवू नयेत.

एसएमबीच्या जंक्शनवरचा सगळ्यात मोठा हमाल म्हणजे अँड्र्यू ट्रिजेल. कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करणारा हा मुलगा. त्याला आपला डॉसवाला पीसी युनिक्स यंत्राशी बोलायला हवा होता. भाषेचं व्याकरण हाताशी नव्हतं. मग त्यानं तारेवरचं संभाषण ऐकायला सुरुवात केली, कोण काय म्हणालं की काय उत्तर येतं ते टिपत गेला आणि १९९२ च्या सुरुवातीला आपला प्रोग्राम लोकांसमोर ठेवला. आपल्या पद्धतीला तो फ्रेंच कॅफेची पद्धत म्हणतो: भाषा येत नसताना कोपऱ्यात बसून गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणतो ते बघत राहायचं. नावाच्या वेळी त्यानं शब्दकोशात एस, एम, बी या क्रमानं येणारे शब्द शोधले आणि 'सांबा' निवडलं. आपण घरी जी छोटी नेटवर्क डिस्क विकत घेतो तिच्यात आत बहुतेक वेळा सांबाच बसलेला असतो. पुढे युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टवर कारवाई केली, २००७ मध्ये न्यायालयानं ती उचलून धरली, आणि डिसेंबर २००७ मध्ये सांबावाल्यांना एकरकमी दहा हजार युरो भरून अधिकृत व्याकरण मिळालं. पंधरा वर्षं कान देऊन शिकलेल्या भाषेचं पुस्तक शेवटी हातात!

आमच्या घरी मात्र भाषेची अडचण नव्हती. विंडोज ७ आणि ११ दोघांनाही २.१ येते. अडलं होतं ते चौथ्या थरात. संशयाच्या.

ही सगळी यंत्रणा ज्या काळात बनली त्या काळात नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातली पाच-दहा यंत्रं, सगळे एकमेकांना ओळखणारे. दार उघडं ठेवणं हाच शिष्टाचार. त्या विश्वासाची गेल्या पंचवीस वर्षांत एकेक वीट निघत गेली. २००१ च्या एक्सपीनं पासवर्ड नसलेल्या खात्यावरून नेटवर्कनं आत येणं बंद केलं. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नं फायरवॉल आपणहून चालू ठेवली. व्हिस्टानं विचारायला सुरुवात केली की हे नेटवर्क घरचं की चव्हाट्यावरचं. वायफायचं पहिलं कुलूप, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवलं होतं, पण घरोघरी तेच लावलेलं असायचं. किंवा काहीच नसायचं.

याची किंमत महाराष्ट्रानं २००८ मध्ये बघितली. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल गेला, आणि माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईतल्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं, ते दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत आणखी ईमेल गेले, तेही मुंबईतल्या इतरांच्याच वायफायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर उघडी वायफाय शोधत फिरले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्यानं वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. हवा मोकळी होऊन चार वर्षं होत होती.

मग आलं २०१७. एसएमबीच्या पहिल्या बोलीतलं एक भोक अमेरिकेच्या एनएसएला ठाऊक होतं, त्याचं हत्यार एप्रिलमध्ये चोरांनी जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण दुरुस्ती लावतो कोण? १२ मे रोजी वॉनाक्राय जगभर पसरला. २७ जूनला नॉटपेट्या. तो मर्स्क कंपनीत शिरला आणि तिच्या जाळ्यातून आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. शेजारच्या टेबलावरची फाईल उघडता यावी म्हणून चौतीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या भाषेतून बंदरं बंद पडली. त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज १० पासून पहिली बोली नव्यानं बसवलेल्या यंत्रांत येईनाशी झाली, आणि तिच्याबरोबर ती निवडणूकवाली यादीही गेली. 'नेटवर्क'मधल्या शुकशुकाटाचं दुसरं कारण हे. यादी नाही म्हणजे यंत्र नाही असं नव्हे. पत्ता ठाऊक असेल तर सरळ पत्त्यावर जायचं.

शेवटची वीट २०२४ ची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. प्रत्येक निरोपावर सही हवी, आणि 'गेस्ट' म्हणून बिननावाचं आत जाणं बंद. दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत, कारण सही करायला लागणारी किल्ली पासवर्डमधून येते, आणि बिननावाच्या माणसाला पासवर्डच नसतो. बाबांच्या डेस्कटॉपवर पासवर्ड कधीच नव्हता. 'घरच्या घरी कशाला?' फोल्डर 'सर्वांसाठी' उघडा होता आणि वर्षानुवर्षं चालतही होता.

इथे यूट्यूबवरचे बहुतेक गुरुजी सांगतात की सहीची सक्ती काढा, गेस्ट पुन्हा चालू करा, फायरवॉल बंद करा, जमलंच तर एसएमबी १ पण बसवा. दोन मिनिटांत फोल्डर दिसतो, हे खरं आहे. पण मला हे पटत नाही. ज्या फोल्डरची दुसरी प्रत जगात नाही, तो फोल्डर ज्या यंत्रावर आहे त्याला दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि आपण त्याच्याभोवतीच्या भिंती पाडायच्या? एकच खंडणीखोर विषाणू आणि साडेतीन हजार फोटो गेले. (पेनड्राइव्ह शेवटी कामाला आलाच. मोठी बाहेरची डिस्क घेऊन सगळ्यात आधी एक प्रत काढली आणि ती माझ्याबरोबर पुण्याला आणली. हे कुठल्याही दुरुस्तीच्या आधी करायचं.)

बरोबर उपाय कंटाळवाणा आणि दहा मिनिटांचा आहे. डेस्कटॉपवर आईच्या नावाचं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला. फोल्डर 'सर्वांसाठी' बंद करून फक्त त्या खात्यासाठी उघडला. दोन्हीकडे नेटवर्कचा प्रकार 'घरचं', म्हणजे खाजगी, असा केला. राउटरमध्ये डेस्कटॉपचा आकडी पत्ता कायमचा ठरवून टाकला आणि लॅपटॉपवर त्या पत्त्यानं फोल्डर जोडला, ड्राइव्हचं अक्षर दिलं 'झेड'. पासवर्ड विचारल्यावर आईनं आधी लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन दिला. तो चालत नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. डेस्कटॉपवरच्या खात्याचा पासवर्ड दिला आणि फोल्डर उघडला. विंडोज ७ सही करू शकतं, आजवर त्याला कुणी मागितली नव्हती इतकंच.

पहिल्या रविवारी दुपारपर्यंत एकशे चाळीसेक फोटोंसमोर नावं आली. मग मागच्या खोलीतून हाक आली, कारण बाबांच्या पडद्यावर फाईल दुसऱ्याकडे उघडी असल्यामुळे फक्त वाचता येईल असा निरोप झळकला होता. हे कुलूपसुद्धा जुनंच आहे. एकाच फाईलवर दोघं एकदम लिहायला लागले तर काय, याची सोय १९८४-८५ च्या डॉस ३.१ पासून चालत आलेली.

"अवो, बंद कर न ते फाईल! मले लिहाचं आहे."

"थांबा जरासे. ह्या फोटोत तुमच्या डाव्या बाजूची माझी मावशी आहे, तुमची आत्या नोहे. तुम्ही काल चुकीचं लिहून ठेवलं."

मागची खोली गप्प झाली. थोड्या वेळानं बाबा स्वतःच उठून पुढच्या खोलीत आले, चष्मा वर करून लॅपटॉपवरचा फोटो बघायला.